देवळाची नाली आणि सुखदेव मिस्त्री

सुखदेव रामटेके गेला त्याला येत्या सोमवारी सहा आठवडे होतील, आणि माझं त्याच्याशी असलेलं भांडण अजून मिटलेलं नाही. तो गेला म्हणून मी ते सोडून देईन असं गावात काही लोकांना वाटतं. मी आयुष्यात काही सोडून दिलेलं नाही, हे त्याला ठाऊक होतं. त्याच्या मुलीचा, संगीताचा फोन आला तेव्हा मी गोंदियात माझ्या दुकानात एका ठेकेदाराशी टाइल्सवरून हुज्जत घालत होतो. "काका, सकाळी बाबा गेले," एवढंच ती म्हणाली. मी तिच्यावरच ओरडलो. काल का नाही सांगितलं, बरं नव्हतं तर मला बोलवायचं नाही का, असं काहीबाही. पोरगी बापासारखीच सरळ. म्हणाली, "काल बरे होते जी. काल तं तुमच्याच नावानं बोटं मोडून राहिले होते. म्हनत होते, डोमाले चहा देला तं तो कपातल्या साखरेचाही भाव करते." आणि मग ती रडायला लागली. ठेकेदार समोर उभाच होता. मी त्याला म्हणालो, तू म्हणतोस त्या भावानं घेऊन जा. तो घाबरून माझ्याकडे बघत राहिला…

आमचं गाव चोरखमाऱ्याच्या जलाशयाच्या पाण्यावर धान पिकवणारं. गावाला महादेवाचं एक जुनं देऊळ आहे. आमच्या जिल्ह्यात जुनं शिवमंदिर म्हटलं की लोक नागऱ्याचं नाव घेतात. आमचं देऊळ त्याच्यापुढे लहान. पण दगड तसाच काळपट, सांध्यात चुना नाही, आत उतरायला पाच पायऱ्या आणि बाहेर एक कान तुटलेला नंदी. हेमाडपंती आहे असं शिकलेले लोक सांगतात. आमच्या म्हाताऱ्यांची गोष्ट वेगळी. देवांनी ते एका रात्रीत बांधायला घेतलं, कळस चढवायचा राहिला आणि कोंबडा आरवला, म्हणून देव तसेच निघून गेले. आजही आमच्या देवळाला कळस नाही आणि चढवायची कोणाची हिंमत नाही. पुढे कित्येक पिढ्या ते मातीत बुडालेलं होतं. आमच्या आजोबांच्या वेळी गावकरी बोडी खोदायला लागले, म्हणजे शेताला पाणी द्यायचं छोटं तळं, तेव्हा कुदळ त्या पायऱ्यांवर वाजली. त्यामुळे आमच्याकडे देऊळ आणि बोडी ही जुळी भावंडं समजतात. धानाचे परहे, म्हणजे रोपं, टाकायच्या आधी घरटी एक तांब्या पाणी पिंडीवर घालायचं, ते पाणी देवळाच्या नालीतून बोडीत उतरायचं आणि बोडीतून सगळ्यांच्या बांध्यांत, म्हणजे धानाच्या वाफ्यांत, जायचं. कोणाच्या तांब्यातलं पाणी कोणाच्या धानाला गेलं याचा हिशेब कोणी करत नाही. गावात मी एकटाच हिशेबी.

सुखदेव पिंडीवर पाणी घालणाऱ्यांतला नव्हता. त्यांच्या मोहल्ल्यानं छप्पन साली बुद्धाला शरण गेल्यापासून देवाची पूजा सोडली, आणि सुखदेव शब्दाचा पक्का. पण त्याची तीन एकराची शेती त्याच बोडीखाली. तो मला डिवचायचा, "तुमी तिकडं घंटा वाजवा गा, पानी माह्याच बांधीत येते." तो मिस्त्री होता, म्हणजे गवंडी. गावातली निम्मी घरं त्याच्या हातची. आम्ही चौथीपर्यंत एका वर्गात होतो. नंतर मी गोंदियाला मालधक्क्यावर हमाली करायला गेलो, पाठीवरून फरशा वाहिल्या, मग त्याच फरशा सायकलवर बांधून विकल्या, आणि आज माझं दुकान आहे. हे मी कोणाच्या मेहरबानीनं केलेलं नाही. पहिली दहा वर्षं माझी फरशी घेतली की लोकांनी ती सुखदेवकडून बसवून घ्यायची असा आमचा अलिखित करार होता, एवढं मात्र कबूल करतो. माझी फरशी वाकडी असली तरी त्याच्या हातून सरळ बसायची.

आता भांडणाचं सांगतो. बारा वर्षं झाली असतील. माझे वडील, दसाराम, आयुष्यभर दुसऱ्याच्या शेतात राबले. त्यांचं नाव सातबाऱ्यावर नाही, शाळेच्या भिंतीवर नाही, कुठेच नाही. माझ्याकडे चार पैसे आले तेव्हा मी ठरवलं, देवळात टाइल्स बसवायच्या आणि दारापाशी काळ्या ग्रॅनाइटवर सोनेरी अक्षरांत बापाचं नाव लावायचं. गावानं मान डोलावली. मी पांढरी चकचकीत टाइल निवडली, मध्ये निळं फूल. बसवायला अर्थातच सुखदेव. तो म्हणाला, "नाही."

मी मजुरी वाढवली. तो म्हणाला, "नाही." मी आणखी वाढवली, जेवण धरून. तो घमेलं उचलून चालायला लागला. मी मागून ओरडलो, "काऊन पन? कारन तं सांग!" त्यानं मागे वळून पाहिलं नाही. मी विचारलं होतं… हे मी इथे मुद्दाम लिहून ठेवतो, कारण पुढे दहा वर्षं तो सगळ्या गावाला सांगत राहिला की डोमानं कारण विचारलंच नाही, नुसता भाव केला.

मी रागाच्या भरात बाहेरून कारागीर आणले. चार दिवसांत गाभारा आणि सभामंडप आरशासारखा झाला. मंडळी वाकून त्यात तोंड पाहायला लागली. बापाच्या नावाची पाटी दारापाशी लागली आणि मी तिच्यासमोर उभं राहून फोटो काढला. पंधरवड्यानं महाशिवरात्र होती.

त्या दिवशी सकाळपासून रांग. तांब्यामागून तांब्या, पाणी, दूध, बेलाची पानं. दुपार होता होता गाभाऱ्यात पाणी साचायला लागलं. घोट्याइतकं झालं, मग पोटरीइतकं, मग पिंडी निम्मी बुडाली. आमच्या शेजारची सकवारबाई तेव्हाच सत्तरीची, तिनं त्या पाण्यात उभं राहून हाक मारली, "माय वं, गंगा आली! गंगा आली महादेवाच्या घरी!" झालं. तासाभरात बातमी चार गावांत पोचली. ट्रॅक्टर भरभरून लोक आले. कोणी बाटलीत पाणी भरून घेतलं, कोणी डोळ्यांना लावलं, कोणी त्यात बसूनच घेतलं. ज्या देवळाला इतक्या वर्षांत कळस चढला नाही तिथे टाइल बसताच गंगा उतरली, म्हणून लोकांनी मला हार घातला, शाल दिली. मी काय सांगू तुम्हाला! गाभाऱ्यात गंगा आणि दारात दसारामचं नाव. येणारा प्रत्येक माणूस ते वाचून आत जात होता. त्या दिवसाइतका आनंद मला माझ्या दुकानाच्या उद्घाटनालाही झाला नव्हता.

उन्हं कलायच्या सुमाराला सुखदेव आला. तो गर्दीत घुसला नाही. देवळाच्या मागच्या बाजूला जाऊन भिंतीच्या सांध्यांवर तळहात ठेवून उभा राहिला. मग त्यानं मला बोटानं बोलावलं. माझ्या गळ्यात हार तसाच होता.

"शेठ," तो म्हणाला, "हे पाय नाली." देवळाच्या मागे जिथून पिंडीवरचं पाणी बाहेर पडतं ते दगडी तोंड कोरडं ठणठणीत होतं. महाशिवरात्रीच्या दिवशी! "तुही गंगा आली नाही गा कोठून. तिले जाले जागा नाही. तुह्या मानसांनी आतलं भोक सिमिटानं बुजवलं. आता पानी देवळाच्या पायात मुरून राहिलं. दगडात चुना नाही, खाली काळी माती. फुगली का भिंत सरकली समज."

मला ते लगेच पटलं. फरशीच्या धंद्यातला माणूस आहे मी. आणि पटलं म्हणूनच मी भडकलो. हळू बोल म्हणालो. जळतोस म्हणालो. आणि शेवटी जे म्हणायला नको होतं ते म्हणालो, "आमच्या देवळाशी तुले काय करायचं?"

तो शांतपणे म्हणाला, "देव तुमचा आहे गा. दगड बसवनारा माह्या धंद्यातला होता." आणि हात झटकून निघून गेला. कोणाला काही सांगितलं नाही त्यानं. सांगितलं असतं तर मी त्याच्याशी भांडू तरी शकलो असतो.

पुढचे तीन दिवस मी गोंदियाला गेलो नाही. रोज पेन्सिल घेऊन देवळाच्या मागे जायचो. भिंतीवर ओल चढत होती. सकाळी तिच्यावर रेघ मारायची आणि संध्याकाळी पाहायचं, तर ओल रेघेच्या दोन बोटं वर. तिकडे गाभाऱ्यात दूध आणि बेल कुजून वास सुटला होता, तरी लोक येतच होते. तिसऱ्या दिवशी पुजारी महाराज माझ्या निळ्या फुलावरून घसरले आणि आरतीच्या ताटासकट गंगेत बसले. लोकांनी जयजयकार केला. महाराज उठले, धोतर पिळलं आणि माझ्याकडे असं पाहिलं की मी चपला घातल्या आणि सरळ सुखदेवचं घर गाठलं.

तो जेवत होता. बायकोनं मला पाट दिला. मी माफी वगैरे मागितली नाही. विचारलं, "किती दिवसाचं काम आहे?"

"तू गावाले सांगशील तं एक दिवसाचं," तो घास मोडत म्हणाला. "नाही सांगशील तं मी येतच नाही."

मी भाव करायला घेतला. फक्त महाराजांना सांगतो म्हणालो. नाही. गंगा आपोआप परत गेली असं सांगू, देवाचाही मान राहील, माझाही. नाही. बरं, पाटी तशीच राहू दे, बाकी सगळं सांगतो. त्यानं पाणी प्यायलं आणि म्हणाला, "डोमा, त्या मतारीनं बाटली भरून नेली. ते पानी कोनी पोराले पाजलं तं?" मी पाटावरून उठलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी देवळाच्या पायरीवर उभा राहिलो आणि सांगितलं. गंगा नाही, तुंबलेली नाली आहे, चूक माझ्या टाइलची आहे, कोणी ते पाणी पिऊ नका. मला वाटलं आता चपला येतात. तेवढ्यात सकवारबाई म्हणाली, "मंग माही बाटली गा? मी तं गाडीनं दरेकशाच्या लेकीले धाडली. तिनं सासूले आंघोळ घातली असन त्या पान्यानं!" कोणीतरी फिसकन हसलं, आणि मग सगळं गाव हसायला लागलं. महाराज सर्वांत जास्त. सकवारबाई तेव्हापासून मला गंगाधर म्हणते, आणि माझं खरं नाव डोमाजी आहे हे नव्या पोरांना ठाऊक नाही.

सुखदेव छिन्नी-हातोडा घेऊन आला. चपला बाहेर काढल्या, हात जोडले नाहीत, कामाला लागला. कोपऱ्यातली टाइल उचकटली तशी खालची जुनी फरशी दिसली, आणि तिच्यात अंगठा जाईल एवढी खाच, सिमेंटनं गच्च भरलेली. ती त्यानं इतक्या हलक्या हातानं कोरली की जुन्या दगडाला ओरखडा नाही. खाच मोकळी झाली तसं पाणी गरगर फिरत उतरायला लागलं. पण माझ्या लक्षात राहिलंय ते त्याच्या नंतरचं. संध्याकाळपर्यंत सगळ्या टाइल्स निघाल्या, दगड धुतला, आणि त्यानं सगळ्यांना बाजूला उभं केलं. तांब्याभर पाणी सभामंडपाच्या या टोकाला ओतलं आणि त्यावर बेलाचं एक पान सोडलं. डोळ्यांना ती फरशी सपाट दिसते. ते पान मात्र हळूहळू निघालं, खांबाला वळसा घातला, उंबऱ्यापाशी क्षणभर थांबलं, आणि बरोबर त्या खाचेपाशी जाऊन टेकलं. "एका रातीत बांधलं म्हनता ना?" सुखदेव म्हणाला. त्याचा चेहरा लग्नघरातल्या माणसासारखा फुलला होता. "हा उतार एका रातीत येत नाही जी. कोनीतरी इथं गुडघ्यावर बसून कितीक दिस पानी ओतून पायलं असन." आम्ही त्या देवळात जन्मभर डोकं टेकवत आलो. त्या उताराकडे कोणाचं लक्ष गेलं नव्हतं.

तेव्हापासून सोमवारी मी गावी गेलो की आमचं एक काम ठरलेलं. मी आत पिंडीवर पाणी घालायचो आणि तो मागे नालीच्या तोंडाशी उभा राहायचा. पाणी बाहेर आलं की ओरडायचा, "आलं!" मग आम्ही नंदीपाशी बसून भांडायचो. विषय एकच. टाइलबरोबर पाटीही निघाली होती, ती मी घरी पलंगाखाली ठेवली होती. मी म्हणायचो, भिंतीवर दोन बोटांची जागा दे. तो म्हणायचा, "जुन्या दगडाले मी छिन्नी लावनार नाही, अन् कोनाले लावूही देनार नाही." गावानं तर त्याला देवळाचा जाणकारच करून टाकलं होतं. बाहेरून पाहुणे आले की महाराज सांगायचे, "थांबा, सुखदेवभाऊले बोलावतो." मग हा पूजा न करणारा माणूस पानाचा खेळ दाखवून पाहुण्यांना तासभर देऊळ समजावून सांगायचा, आणि मी बाजूला उभा. यजमान असून!

दोन वर्षांपूर्वी नालीवरची झाकणाची शिळा एका ट्रॅक्टरखाली येऊन दुभंगली. सुखदेवनं काम सोडून दिलं होतं, हात थरथरायचे. तरी त्यानं अंगणात नवी शिळा घडवायला घेतली. महिनाभर टकटक चालली होती. एक दिवस मला बोलावलं. शिळा भिंतीला उभी होती आणि तिच्यावर कोरलेलं होतं: दसाराम. अक्षरं थोडी वाकडी, पण खोल.

मी त्याच्या बायकोकडे पाठ केली आणि डोळे पुसले. मग तो म्हणाला, "ही बाजू खाली येईन."

"खाली? म्हनजे मातीकडं? अबे, मंग वाचन कोन?"

"नाली साफ करनारा. झाकन उचललं का दिसते."

"अन् साफ कोन करते नाली?"

"इतकी वर्सं मी केली. आता माह्यानं नाही होत. तू कर." मी काही बोलायच्या आत तो पुढे म्हणाला, "माह्या आधी तुहा बाप करे. दरसाल, शिवरातीच्या आधी. कोनी सांगत नसे त्याले. तू गोंदियाले होता… मले वाटलं तुले ठाऊक आहे. बापाच्या नावानं बापाचीच नाली बुजवाले निघाला म्हनून राग आला होता. म्हनून नाही सांगतलं."

इतकी वर्षं तो मला, मी विचारलं नाही असं सांगून उडवत होता, आणि खरं कारण हे होतं. मी त्याच्यावर जे ओरडलो ते रस्त्यापर्यंत ऐकू गेलं असणार. एवढं साधं वाक्य त्यानं त्या दिवशी घमेलं खाली ठेवून बोललं असतं तर मी तीन दिवसांचा देवमाणूस आणि जन्माचा गंगाधर झालो नसतो. हे माझं म्हणणं आजही कायम आहे. तो नुसता हसत होता. "आता शिळा घेतो का नाही ते सांग. पाटीचा आग्रह सोडशील तं देतो." मी शिळा घेतली. माझ्या उभ्या आयुष्यातला सर्वांत महाग सौदा.

त्याला निरोप द्यायला दोन्हीकडचं गाव होतं. पांढऱ्या कपड्यांत त्याच्या मोहल्ल्यानं त्रिशरण म्हटलं, आणि महाराज शेवटपर्यंत हात बांधून उभे होते. संगीतानं मला पुढे बोलावून फूल वाहायला लावलं. मी वाहिलं, आणि मनात दोन शिव्याही घातल्या. त्याला त्या पोचल्या असतील.

आता दर रविवारी मी गावी मुक्कामाला जातो. सोमवारी सकाळी पँट गुडघ्यापर्यंत वर करून शिळा उचलतो, बापाचं नाव वाचतो आणि हातानं गाळ काढतो. दुकानातला पोशाख खराब होतो म्हणून बायको बोलते. गाळ निघाला की पाणी सोडून पाहायला लागतं, आणि तिथे एक अडचण आहे. आत ओतायला एक माणूस लागतो, मागे पाहायला एक. महाराज म्हणतात, मी उभा राहतो. सकवारबाईचा नातूही तयार होता. मी कोणाला उभं राहू देत नाही. तांब्या पिंडीवर रिकामा करतो आणि पळत सुटतो. पाच पायऱ्या चढायच्या, नंदीला वळसा, मग भिंतीकडेनं मागे. माझे गुडघे सहासष्ट वर्षांचे आहेत. पहिले चार सोमवार पाणी माझ्या आधी पोचलं.

परवा मी पोचलो तेव्हा नालीचं तोंड कोरडं होतं. कमरेवर हात ठेवून धापा टाकत उभा राहिलो. सकवारबाई ओट्यावरून पाहत होती. "गंगाधर, ह्या वयात कायले धावून राहिला गा?" ती ओरडली. मी तिला हातानंच गप्प बस म्हणालो. तेवढ्यात दगडाच्या ओठावर एक थेंब जमला, थरथरला, आणि मागून धार आली, बेलाचं पान घेऊन. "आलं!" मी सुखदेवच्या आवाजात ओरडलो, बोडीपलीकडच्या त्याच्या बांधीपर्यंत जाईल एवढ्या मोठ्यानं.